सेकंड-हँड बाइक चोक ओढला तरच चालते. कार्ब्युरेटर बदलू की दुरुस्त होईल?

धुळवाट
नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी १५० सीसीची, ११ वर्षं जुनी बाइक घेतली. आधीच्या मालकाकडे ती शेवटचं दीड वर्ष जवळजवळ उभीच होती. बघायला गेलो तेव्हा त्यांनी इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं, त्यामुळे थंड असताना कशी चालू होते ते बघायचं राहून गेलं.

सकाळी चोक लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण दहा-पंधरा मिनिटं फिरवून आल्यावरही चोक बंद केला की दोन-तीन सेकंदांत गाडी बंद. स्लो (रेस न देता इंजिन चालू राहणं) धरतच नाही. स्लोचा स्क्रू आवळून वाढवला तर रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली येत नाही, तीन-चार सेकंद वरच लोंबकळतो आणि मग धपकन पडतो. अर्ध्या रेसच्या पुढे मात्र गाडी झकास. पिकअप आहे, मिसिंग नाही. वेगात असताना रेस पूर्ण सोडली की सायलेन्सरमधून फट्-फट् होतं.

मेकॅनिकने कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) दोनदा साफ केला. काडीचाही फरक नाही. आता तो म्हणतो, "कार्ब्युरेटर गेला, नवा टाका." पण जातो म्हणजे त्यातलं नेमकं काय जातं? बदलण्याआधी मला हे समजून घ्यायचंय. पाने-स्क्रूड्रायव्हर हातात धरता येतात, पण कार्ब्युरेटर आजवर उघडलेला नाही.

किकवाला
दीड वर्ष उभी होती म्हणताय ना? पायलट जेट, म्हणजे स्लोचं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, चोंदलंय. पुढचा.

जुनंखोड
माझं मत मेकॅनिकच्या बाजूने. ११ वर्षांत स्लाइड (मुठीबरोबर वर-खाली होणारी झडप) घासते, नीडल घासते, फ्लोटची (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) सुई झिजते. एकेक भाग शोधत, बदलत बसण्यापेक्षा नवा बसवा आणि मोकळे व्हा. मी दोन गाड्यांना हेच केलं, दोन्ही आजही पहिल्या किकला चालू होतात.

यंत्रवेडी
जुनंखोड, नवा टाकायला माझी ना नाही, पण इथे लक्षणं झिजेची नाहीत. झीज असती तर अर्ध्या रेसच्या पुढेही काहीतरी जाणवलं असतं.

धुळवाट, कार्ब्युरेटर म्हणजे एक यंत्र नाही, एकाच भांड्यात बसवलेली तीन-चार यंत्रं आहेत, आणि रेसची मूठ किती फिरवली आहे त्यावर कामाची पाळी कोणाची ते ठरतं. मूठ बंद असल्यापासून साधारण एक-अष्टमांश फिरेपर्यंत पायलट जेट आणि मिक्श्चरचा स्क्रू. तिथून पाव मुठीपर्यंत स्लाइडचा खालचा कापलेला काठ. पावपासून पाऊण मुठीपर्यंत स्लाइडला लटकलेली निमुळती नीडल. त्यापुढे मेन जेट. या पाळ्या एकमेकींत थोड्या मिसळतात, पण तक्रार कुठल्या टप्प्यात आहे हे कळलं की अर्धं निदान झालं.

तुमची तक्रार फक्त पहिल्या टप्प्यात आहे. चोक ओढल्यावर मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि गाडी तगते. म्हणजे एरवी त्या टप्प्यात पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त होतेय. रेस लोंबकळणं हेही तेच सांगतं. रेस सोडल्यावरची फट्-फट् सुद्धा बहुतेक वेळा तेच, पण तिला दुसरीही कारणं असतात.

तेव्हा पेट्रोल कमी की हवा जास्त, एवढाच प्रश्न उरतो. पेट्रोल कमी असेल तर पायलट जेट किंवा त्याच्या पुढची वाट बंद. हवा जास्त असेल तर कुठूनतरी चोरून आत शिरतेय. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक रबरी नळकांडं असतं, त्याला चिरा पडतात. तिथून शिरलेली हवा कार्ब्युरेटरच्या हिशेबात नसते.

निवांत
यंत्रवेडीताई, प्रतिसाद प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीवर लावतोय.

स्पॅनर१०-१२
कार्ब्युरेटर उघडण्याच्या आधी करायच्या गोष्टी कोणी सांगितल्याच नाहीत. मी गेली २० वर्षं हौसेने जुन्या गाड्या चालू करतोय. कार्ब्युरेटरच्या नावावर आलेल्या कितीतरी तक्रारी शेवटी प्लग, कॉइल नाहीतर टॅपेटच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाच्या) निघाल्यात.

प्लग काढून बघा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक म्हणजे हवा जास्त. चहाच्या रंगाचा म्हणजे ठीक. ओला, तेलकट काळा असेल तर इंजिन ऑइल वर येतंय, तो आजार वेगळा.

टॅपेटचं अंतर इंजिन पूर्ण थंड असताना फिलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) तपासा. टॅपेट फार आवळले गेले असतील तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि स्लो धरत नाही. त्यावर कितीही जेट धुवा, उपयोग शून्य.

एअर फिल्टर बघा. टाकीचं झाकण बघा. झाकणात हवेचं बारीक छिद्र असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली उतरलं तरी वरून हवा आत येत नाही, आणि गाडी पंधरा-वीस मिनिटांनी तहानेने बंद पडते. झाकण उघडल्यावर सुस्कारा ऐकू आला आणि गाडी लगेच चालू झाली तर तेच.

चक्रधर
स्पॅनरदादांना +१. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलण्याआधी काय होतं ते वहीत लिहा. माझ्या भावाने एकाच संध्याकाळी प्लग, मिक्श्चर आणि नीडलची क्लिप तिन्ही बदललं. गाडी बिघडली. कशाने बिघडली ते शोधायला दोन रविवार गेले.

धुळवाट
खूप धन्यवाद. आज एवढं केलं:
टॅपेट तपासले, दोन्ही पुस्तिकेत दिलेल्या मापात आहेत. फिल्टर स्वच्छ. झाकण उघडं ठेवूनही फरक नाही. प्लग पांढरट, अगदी खडूसारखा नाही पण चहाच्या रंगाचा तर मुळीच नाही. म्हणजे हवा जास्तच ना?

यंत्रवेडी
हो. आता एक सोपं काम. कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीला ड्रेन स्क्रू असतो. त्याच्या खाली पारदर्शक काचेची बाटली धरून स्क्रू सैल करा आणि वाटीतलं सगळं पेट्रोल बाटलीत घ्या. पाच मिनिटं बाटली हलवू नका. मग तळाशी बघा. इंजिन गार असू द्या, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको, आणि पेट्रोलचा कॉक बंद करायला विसरू नका.

धुळवाट
तळाशी वाटाण्याएवढे दोन थेंब आहेत, बाटली कलती केली की पाऱ्यासारखे घरंगळतात. आणि चिमूटभर तांबूस कचरा.

यंत्रवेडी
ते थेंब पाण्याचे. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलो भरतं आणि पाणी एक किलो, म्हणून पाणी खालीच बसतं. पायलट जेटचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. पाण्याचा एक थेंब तिथे अडकला तरी बूच बसल्यासारखं होतं. तांबूस कचरा टाकीतल्या गंजाचा. टाकीतलं पेट्रोल काढून टाकी धुवावी लागेल, कॉकची जाळी बघावी लागेल आणि कार्ब्युरेटरच्या आधी पेट्रोल फिल्टर बसवावा लागेल. हे न करता कार्ब्युरेटर साफ केला तर आठवड्यात पुन्हा तेच.

अबोली
पाणी टाकीत गेलं कसं? गाडी तर आवरणाखाली होती.

रसायनशास्त्री
अबोली, चांगला प्रश्न. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री गार होते. टाकी गार होताना बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि तिच्यातली वाफ पत्र्यावर दव धरते. त्यात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असेल तर आणखी एक गोष्ट घडते. इथेनॉल पाणी शोषून धरतं. थोडं पाणी असेपर्यंत ते पेट्रोलमध्येच विरघळून राहतं आणि इंजिनातून जळून जातं. पण प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल दोघं हातात हात घालून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पेट्रोलचा कॉक नेमका तळाशीच असतो.

अवांतर: शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणून इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर तेच जेट असेल तर मिश्रण थोडं हवेच्या बाजूला झुकतं. कार्ब्युरेटरला हे कळण्याची सोय नसते, इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर सांभाळून घेतो.

जुनंखोड
बघा, म्हणूनच म्हणतो, कार्ब्युरेटर आता संपलेलं तंत्रज्ञान आहे.

हवेतलामाणूस
संपलं म्हणू नका हो जुनंखोड, मला त्याचं फार अप्रूप आहे. आत ना वायर, ना चिप. अरुंद गळ्यातून हवा गेली की तिचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. गणितज्ञ डॅनियल बर्नुलीने १७३८ मध्ये द्रवांबद्दल जे लिहून ठेवलं, त्यावर ही सगळी करामत चालते. गळ्यातला दाब उतरला की वाटीतलं पेट्रोल जेटमधून आपोआप वर चढतं आणि फवारा होऊन हवेत मिसळतं. अशा फवाऱ्याच्या आधीच्या इंजिनांत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्याबरोबर वाफ उचलायचे. फवारा मारणारा कार्ब्युरेटर जर्मन अभियंता विल्हेल्म मायबाखने १८९३ मध्ये आणला. त्याच वर्षी हंगेरीत डोनाट बांकी आणि यानोश चोंका यांनीही आपल्या कार्ब्युरेटरचं पेटंट घेतलं. मोजत कोणीच नाही, तरी मिश्रण जवळजवळ बरोबर येतं. फक्त वाटा मोकळ्या पाहिजेत.

किकवाला
थोडक्यात, पायलट जेट चोंदलंय.

निवांत
किकवाला, मानलं तुम्हाला.

स्पॅनर१०-१२
पायलट जेटवर येतोच. धुळवाट, उघडताना एवढं सांभाळा.

वाटीचे स्क्रू जपानी धाटणीच्या कार्ब्युरेटरला जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात. दिसायला साध्या चौफुलीसारखेच, पण साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, निसटतो आणि डोकं खाऊन टाकतो. तुमच्या स्क्रूंची डोकी आधीच झिजलेली दिसली तर समजा आधीच्यानेही तेच केलंय.

जेटच्या छिद्रात पिन, सुई, स्टीलची तार घालू नका. जेट पितळेचं असतं, पितळ मऊ. छिद्र एका केसाने रुंदावलं तरी माप बदललं. जुन्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार काढून घ्या, ती चालते. जेट उजेडाकडे धरून बघा, छिद्रातून स्वच्छ, गोल, धारदार कडेचा उजेड दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर जेट अजून साफ झालेलं नाही.

कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे मारायच्या आधी सगळी रबरं बाहेर काढा. स्लाइडवर पडदा असेल तर तोही. स्प्रेने रबर फुगतं आणि मग परत बसत नाही.

रानवाटा
गिटारची सर्वांत बारीक तार वापरतो मी. इतक्या वर्षांत काही बिघडलं नाही.

स्पॅनर१०-१२
ती स्टीलची असते. जपून फिरवली तर निभावून जाते, पण पहिल्यांदाच जेट साफ करणाऱ्या माणसाला मी तांबंच सांगेन.

मूठभर_रेस
मिक्श्चर स्क्रूबद्दल कोणी बोललंच नाही. तो सैल केला की पेट्रोल वाढतं, एवढं लक्षात ठेवा.

यंत्रवेडी
मूठभर_रेस, हे अर्धंच खरं आहे आणि यावरूनच बरेचसे घोळ होतात. स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते बघावं लागतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू, सैल केला की हवा वाढते. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, सैल केला की पेट्रोल वाढतं. दोन्ही उलटे.

काढण्याआधी तो हलक्या हाताने आवळत नेऊन मुळाशी टेकवा आणि किती आटे (पूर्ण फेरे) लागले ते मोजून लिहून ठेवा. जोर लावायचा नाही. त्याचं टोक सुईसारखं असतं, आवळलं की तुटून आतच राहतं. बहुतेक गाड्यांत तो दीड ते अडीच आट्यांच्या मध्ये कुठेतरी असतो.

आणि स्क्रू बाहेर आल्यावर त्याच्यावर काय काय आहे ते नीट बघा. डोक्याकडून टोकाकडे स्प्रिंग, मग छोटा वॉशर, मग ओ-रिंग (रबरी कडी). ओ-रिंग मुगाच्या दाण्यापेक्षा लहान असते. पुष्कळदा ती भोकातच चिकटून राहते. तिच्यावर स्प्रे मारला की फुगते किंवा उडून जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

धुळवाट
चार दिवसांनी येतोय, कारण टाकीनेच दोन दिवस खाल्ले.

टाकीतून निघालेलं पेट्रोल फिकट तपकिरी होतं आणि जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. कॉकची जाळी एका बाजूने फाटलेली. टाकी धुतली, नवा कॉक बसवला, नळीत फिल्टर टाकला.

मग कार्ब्युरेटर उघडला. स्क्रूंची डोकी खरंच खाल्लेली होती. पायलट जेट उजेडाकडे धरलं, छिद्र स्वच्छ, गोल. म्हणजे मेकॅनिकने जेट नीट धुतलं होतं, उगाच त्याला नावं ठेवत होतो. इथे माझा धीर सुटला, कारण जेट साफ असेल तर मग काय?

यंत्रवेडीताईंचं आठवून मिक्श्चर स्क्रू मोजला. इंजिनाच्या बाजूचा आहे. मुळाशी टेकायला जवळजवळ पाच आटे लागले! बाहेर काढला. स्प्रिंग आहे. वॉशर नाही. ओ-रिंग नाही. टॉर्च लावून भोकात पाहिलं, तिथेही काही नाही. स्प्रिंगचं टोक धातूवर घासून एक चकचकीत वर्तुळ झालंय, म्हणजे बऱ्याच दिवसांपासून नसावी.

यंत्रवेडी
सापडलं! हवा तिथून शिरतेय, स्क्रूच्या आट्यांमधून. तो भाग इंजिनाच्या बाजूला असतो, इंजिन तिथे सतत हवा ओढत असतं. आधीच्या कोणीतरी स्क्रू सैल करत करत पेट्रोल वाढवून ती भरून काढायचा प्रयत्न केला, म्हणून पाच आटे.

आता एक काम राहिलं. स्क्रू नसलेल्या भोकात स्प्रेची नळी धरून दाबा. गळ्यात स्लाइडच्या अगदी पुढे एक-दोन बारीक छिद्रं दिसतील, तिथून धार निघाली पाहिजे. डोळ्यांवर चष्मा हवाच, धार कुठूनही उलटून येते.

धुळवाट
एका छिद्रातून धार, दुसऱ्यातून नुसता ओलावा. चार-पाच वेळा स्प्रे, मधून हवेचा पंप, रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी दुसऱ्या छिद्रातून आधी हिरवट चिकट काहीतरी आलं आणि मागोमाग धार.

किकवाला
पायलटची वाट चोंदली होती. जेट नाही तर वाट. माझे निम्मे गुण द्या.

चक्रधर
दिले.

धुळवाट
नवीन स्प्रिंग, वॉशर, ओ-रिंग बसवली. स्क्रू दोन आटे. फ्लोटचं माप पुस्तिकेप्रमाणे तपासलं, ठीक होतं. काल सकाळी चोक ओढून चालू केली, अर्ध्या मिनिटाने चोक आत ढकलला आणि वाट बघत बसलो. बंद पडली नाही. पाच मिनिटं तशीच, ठक-ठक-ठक, एका लयीत. हात लावायचीही भीती वाटत होती. रेस देऊन सोडली की लगेच खाली येते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर मिक्श्चर पाव-पाव आटा हलवून बघितलं, सव्वादोनला आवाज सगळ्यात भरीव लागला.

जुनंखोड
अभिनंदन. माझं मत मागे घेतो. बाजारातल्या नकली कार्ब्युरेटरची जेटं मापात नसतात, ते तर मी स्वतः भोगलंय. जुना अस्सल वाचला तर तोच बरा.

तळ्याकाठी
धागा वाचून माझी शंका. माझी गाडी रात्री उभी केली की सकाळी खाली पेट्रोलचा डाग असतो. आणि इंजिन ऑइलची पातळी वाढल्यासारखी वाटते, असं होऊ शकतं का?

स्पॅनर१०-१२
तळ्याकाठी, गाडी चालू करू नका. फ्लोटची सुई पेट्रोल अडवत नाहीये, वाटी भरून वाहतेय आणि पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतंय. डिपस्टिकचा वास घ्या, पेट्रोलचा आला तर नक्कीच. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. कॉक बंद करा, ऑइल बदला, मगच सुईकडे वळा. सुईच्या रबरी टोकावर नखाने चाचपून कंगोरा लागला तर ती बदलायची. आणि गाडी उभी करताना कॉक बंद करायची सवय लावा.

तळ्याकाठी
वास येतोय. कॉक बंद केला. आभारी आहे.

अबोली
धुळवाट, ती फट्-फट् गेली का? सुरुवातीला लिहिली होती.

धुळवाट
अबोली, बरी आठवण केलीत. खूप कमी झाली, पण उतारावर रेस सोडली की अजून दोन-चार होतात. ३०० किलोमीटर झाले. प्लग काढून बघितला, आता छान चहाच्या रंगाचा आहे.

यंत्रवेडी
प्लग ठीक आहे तर मिक्श्चरला हात लावू नका. इंजिनाला सायलेन्सरचा पाइप जिथे जोडतो तिथे बघा. तिथली गॅस्केट (जोडातली चकती) दबून गेलेली असेल तर रेस सोडल्यावर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपातच पेटतं. गळती असेल तर जोडाभोवती काजळीचा पट्टा दिसेल.

धुळवाट
आत्ताच टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. जोडाच्या खालच्या अंगाला बोटभर काळा पट्टा आहे, वरून अजिबात दिसत नाही. तिथला एक नट हाताने फिरतोय. उद्या गॅस्केट आणतो.